लहान मुलांमधला कोरोना: सॅनिटायझर दारात, खिडक्या मात्र बंद! या चुका टाळा

नवा व्हेरियंट आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "हा जास्त डेंजर आहे का?" बहुतेकदा नवा व्हेरियंट पसरतो तो आधीच्या संसर्गातून किंवा लसीतून आलेल्या प्रतिकारशक्तीला चकवून; जास्त पसरतो म्हणून तो जास्त डेंजर असतोच असं नाही. १२ वर्षांखालची मुलं सरकारी लसीकरणात आलीच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात मोठी चूक हवेची. प्लेग्रुपच्या दारात सॅनिटायझरची बाटली असते, खेळणी पुसलेली असतात, आणि आत पंधरा मुलं स्प्लिट एसी लावून बंद खोलीत. हा एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो, बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. विषाणू मुख्यतः श्वासातून हवेत येतो, त्यामुळे नुसते हात धुऊन भागत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं ठेवा, एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकेल असा लावा. पावसाळ्यात निदान चार बोटं फट तरी हवीच. स्कूल व्हॅनलाही हेच लागू. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्क लावू नका.

ताप नाही म्हणून शाळेत पाठवणं ही दुसरी चूक. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून मूल संसर्ग देऊ शकतं, आणि पुष्कळ मुलांना नुसतं नाक गळण्यापलीकडे काही होत नाही. सकाळी पॅरासिटामॉल पाजून डबा भरून पाठवणं तर त्याहून वाईट. पहिल्याच दिवशी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर निर्धास्त होऊ नका, ४८ तासांनी पुन्हा करा. आजारी मुलाला भरवायचं काम शक्यतो मधुमेह असलेल्या आजीकडे नको.

औषधात घोळ होतो तो बाटलीवरून. पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीला १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम, अशा दोन ताकदीत मिळतं. डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून साडेसात मिली. तेवढंच दुसरीतून पाजलं तर ३७५ मिलिग्रॅम पोटात जातं! दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नको. मोजायला औषधाची सिरिंज वापरा, घरातला चमचा नाही. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, उरलेलं अँटिबायोटिकही नको. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नका. वाफेच्या उकळत्या पातेल्याने पोरं भाजतात, त्यापेक्षा नाकात सलाईनचे थेंब बरे.

श्वास मोजताना मूल शांत असावं, रडतं नको. पोटाची वरखाली पूर्ण मिनिटभर मोजा: दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर डॉक्टरकडे न्या. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा मूल पाणीही पीत नसेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

आजार बरा झाला की पालक विसरतात. दोन ते सहा आठवड्यांनी ताप परत आला, सोबत अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या असतील, तर बालरोगतज्ज्ञांना "मध्यंतरी कोरोना होऊन गेलाय" हे आधी सांगा.