हाडांवरचे आजार वाचायला शिकताना

प्राचीन आजारांवर काम करायचंय म्हणून भेटायला येणारी मुलं बहुतेक वेळा थेट डीएनएबद्दल विचारतात. मी त्यांना आधी निरोगी हाड ओळखायला बसवते. दोनशे सहा हाडं, त्यांची डावी-उजवी बाजू, मोठ्याचं की लहान मुलाचं, आणि तेही तुकड्यांवरून. उत्खननात अख्खं मांडीचं हाड हाती लागणं ही चैन. एरवी बरगड्यांचा चुरा आणि अर्धे मणकेच येतात. उंदरांनी कुरतडलेली कड, मुळांचे ओरखडे, मातीच्या दाबाने वाकडी झालेली कवटी, नवख्याला सगळा आजारच दिसतो.

याचं उत्तम उदाहरण घरचंच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरली जात त्या काळातल्या गावात घरांच्या जमिनीखाली दफनं मिळाली. मुलांसाठी दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. मोठ्यांची पावलं मात्र बऱ्याचदा घोट्यापाशी तोडलेली. रोग म्हणावा की अपघात? अभ्यासक याला दफनविधीचाच भाग मानतात. जिवंतपणी हाड तुटलं आणि माणूस पुढे जगला, तर कडा हळूहळू गोलावतात, नवं हाड धरतं. मेल्यानंतरच्या कापात तसं काहीच होत नाही. हा फरक डोळ्यांत मुरायला वेळ लागतो, तेवढा द्यावा.

माझा सगळ्यात जास्त जीव दातांवर. सुळा तिरप्या उजेडात धरून सावकाश फिरवला की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावर, आडव्या खाचा दिसतात. नखाला जाणवतातही. सुळ्याचं इनॅमल साधारण पहिल्या सहा वर्षांत तयार होतं. त्या काळात उपासमार झाली किंवा मोठं आजारपण आलं, की त्याची वाढ अडते आणि खाच पडते. हाड आयुष्यभर स्वतःला बदलत राहतं, इनॅमल बदलत नाही. म्हणून चाळिशीत मेलेल्या माणसाचं तिसऱ्या वर्षीचं दुखणं आजही हातात येतं. दातांवरचं किटणही घासून टाकू नका. अन्नाचे कण आणि तोंडातले जिवाणू त्यात अडकून टिकतात.

निदान करताना घाई नको. उदयपूरजवळच्या बालाथलला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला. त्यात नाकाच्या पोकळीच्या कडा झिजलेल्या, वरच्या जबड्याचा पुढचा भाग खंगलेला. हे बदल एकत्र पाहून, दुसरे आजार एकेक करून बाजूला सारून, २००९ साली संशोधकांनी कुष्ठरोगाचं निदान मांडलं. नुसत्या झिजलेल्या नाकावर ते उभं राहिलं नसतं. आणि उलटही लक्षात ठेवा: कॉलऱ्याने दोन दिवसांत गेलेल्याच्या हाडांवर काहीच उमटत नाही. खुणा उमटायला माणूस आजारासह काही काळ जगावा लागतो. त्यामुळे स्वच्छ सांगाडा म्हणजे धडधाकट माणूस, असं लिहू नका.

आता डीएनए. आपल्या उष्ण हवेत तो लवकर नासतो. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या ६१ नमुन्यांपैकी एकाच व्यक्तीचा वापरण्याजोगा डीएनए मिळाला. ते संशोधन २०१९ साली आलं. कानाच्या आतल्या भागाभोवतीचं दगडासारखं घट्ट हाड त्यासाठी सर्वांत भरवशाचं. पण नमुना काढताना ते फुटतं, म्हणून आधी मोजमापं, फोटो, शक्य तर सीटी स्कॅन, मगच ड्रिल. आपला डीएनए मिसळू नये म्हणून हातमोजे आणि मास्क ट्रेंचमध्येच, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यातच चढवायचे, प्रयोगशाळेत पोहोचल्यावर नव्हे. हा माणूस कुणाचा तरी होता, आणि फुटलेलं हाड परत जोडता येणार नाही. म्हणून मी यात कुणालाच सूट देत नाही.

शाखेची फार चिंता करू नका. या कामात पुरातत्त्व, मानवशास्त्र, जीवशास्त्र, दंतवैद्यक अशा सगळीकडून माणसं येतात. नोकऱ्या मात्र थोड्या: काही विद्यापीठं, अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, लखनौची बिरबल साहनी संस्था अशा मोजक्या जागा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ची वर्षं निभावतात, तेव्हा नेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच धरा. मार्गदर्शकांना पत्र लिहिताना विषय सुचवत बसू नका. सुट्टीत हाडं धुऊ-निवडू देता का, एवढंच विचारा; जो महिनाभर हे मन लावून करतो, त्याला पुढचा सांगाडा बहुधा मिळतो.