लिचीची गुटी आषाढातच बांधा

खानदेशात लिचीची मोठी बाग लावायचा कुणी विचार करत असेल, तर त्यानं आधी मे महिन्यातलं जळगाव डोळ्यांसमोर आणावं. लिची मुळात मुजफ्फरपूरकडच्या दमट हवेत रमणारी. फळ पिकताना कोरडं, गरम वारं लागलं की साल तडकते, आणि आपल्याकडे पारा नेमका तेव्हाच 44-45 अंशांवर असतो. त्यामुळे विहिरीजवळ, केळीच्या किंवा शेवरीच्या आडोशाला दोन-चार झाडं लावावीत, एवढंच आमचं मत. तेवढ्यासाठी कुणाच्या वाड्यात फळं देणारं झाड असेल तर गुटी बांधायला, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून रोप करायला, फांद्या मागून घ्या.

बी लावण्याच्या भानगडीत पडू नका. फळातून काढलेलं बी चार-पाच दिवसांत उगवणशक्ती गमावतं. उगवलंच तरी फळाला सात ते बारा वर्षं लागतात आणि फळ आईसारखं येईल याची खात्री नाही. गुटीचं झाड साधारण चार-पाच वर्षांत धरतं.

फांदी वर्षभराची, सरळ, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड आणि उन्हात वाढलेली निवडा. पानं मुडपलेली आणि खालून तपकिरी मखमल चढल्यासारखी दिसली, तर तो कोळी, म्हणजे पानांवरची अगदी बारीक कीड आहे. त्या झाडाची गुटी घेतली तर कोळीही सोबत घरी येतो.

फांदीवरची अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद साल गोल काढा. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूनं नीट खरवडा. तो राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. कापाच्या वरच्या कडेला आयबीए हे मुळं फुटायला मदत करणारं संजीवक लावा. मग भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) मूठभर लावून वर प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीनं करकचून बांधा. शेवाळात जुन्या लिचीखालची माती मिसळली तर उत्तमच. त्या मातीतली बुरशी लिचीच्या मुळांना साथ देते. पावसाचं पाणी आत शिरलं तर शेवाळ कुजतं. उघडीप पडली आणि गाठ सैल असली, तर तेच वाळून कोळ होतं.

घाई आषाढाची का? मुळं फुटायला दीड ते दोन महिने लागतात. जुलैच्या सुरुवातीला बांधलेली गुटी सप्टेंबरच्या ओलसर हवेत उतरवता येते. ऑगस्टअखेर बांधली तर ती ऑक्टोबरच्या उन्हात सापडते. लिचीला मुळं सहज फुटतात, रोपं मरतात ती उतरवल्यावर.

प्लास्टिकमधून पांढरी मुळं तपकिरी होताना दिसली की गुटीच्या खाली अर्धा काप द्या. आठवडाभरानं पूर्ण कापा. निम्मी पानं काढून टाका. प्लास्टिक सोडताना शेवाळ मुळांपासून उपसू नका, मुळं काचेसारखी तुटतात. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत लावून दाट सावलीत ठेवा आणि पानांवर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. नवी पालवी पक्की होईपर्यंत उन्हात काढू नका.

शेतात लावायची ती पुढच्या जूनमध्येच. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडू शकतात, तिथे लिची जपूनच लावा. गुटीला सोटमूळ नसतं, म्हणून पहिली काही वर्षं वाऱ्याच्या बाजूनं काठीचा आधार द्या.

हीच पद्धत कागदी लिंबाला आणि डाळिंबालाही चालते. फक्त तेल्या किंवा मर रोग असलेल्या डाळिंबाच्या बागेतून गुटी आणू नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.