ब्लेड चेसिस हॉलमध्ये येण्याआधी

ब्लेड चेसिस, म्हणजे पातळ सर्व्हर (ब्लेड) ओळीने सरकवायची मोठी पेटी, डेटा सेंटरच्या हॉलमध्ये सोमवारी पोचणार असा निरोप आला की बहुतेक टीम आयपी पत्त्यांची यादी करायला बसते. मी आधी फॅसिलिटीवाल्यांना (इमारत, वीज आणि हवा सांभाळणाऱ्यांना) फोन लावतो. दोन यूचा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं एकक) साधा सर्व्हर चुकीच्या रॅकमध्ये बसला तर तासाभरात हलवता येतो. सोळा ब्लेडचं चेसिस चुकीच्या जागी बसलं तर ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं, आणि त्याच्या वीज-हवेचा ताप शेजारच्या रॅकनाही होतो. म्हणून हॉलची तयारी आधी, मशीनची नंतर.

उदाहरणाला एचपीने २००६ साली आणलेलं सी-७००० घेऊ. ऐरोली-महापे भागात शिफ्टिंगची जी कामं माझ्या वाट्याला आली, त्यांत हेच सगळ्यांत जास्त होतं. उंची १० यू, खोली जवळपास ८१ सेंटिमीटर, पूर्ण भरलं की वजन साधारण २१८ किलो. ४२ यूच्या रॅकमध्ये अशी चार बसतात, म्हणजे रॅकचं स्वतःचं वजन सोडून ८७० किलो. हा भार रेज्ड फ्लोअरच्या (स्टँडवर उचललेल्या जमिनीच्या) टाइलवर चार पायांतून उतरतो, तेव्हा टाइल आणि स्टँड किती पेलतात हे फॅसिलिटीकडून लेखी घ्या. त्याच दिवशी लोडिंग बेपासून रॅकपर्यंतची वाट चालून या. लिफ्टची क्षमता, रॅम्पचा चढ, दाराची उंची, वाटेतलं वळण, सगळं टेप लावून मोजा. रॅकची खोलीही मोजा. मागे केबल आणि पीडीयूला (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीला) जागा उरली नाही तर दार लागत नाही, आणि उघड्या दाराचा रॅक ऑडिटला चालत नाही.

विजेला मात्र पूर्ण एक दिवस द्या. सी-७०००मध्ये सहा पॉवर सप्लाय असतात. पहिले तीन ए फीडवर (फीड म्हणजे विजेची स्वतंत्र लाइन), उरलेले तीन बी फीडवर. सप्लाय २४०० वॉटचे असतील तर एका फीडवरच्या तिघांची क्षमता ७२०० वॉट होते, आणि एक फीड गेल्यावर तेवढ्यावरच सगळं चाललं पाहिजे. आपल्याकडे ३२ अँपिअरचा सिंगल फेज सॉकेट २३० व्होल्टवर ७३६० वॉट देतो. म्हणजे एकाच चेसिसने तो जवळजवळ भरला. थ्री फेज ३२ अँपिअर घेतलात तर सुमारे २२ किलोवॉट मिळतात आणि तिन्ही सप्लाय तीन फेजवर वाटता येतात. कागदावर अशा पीडीयूवर तीन चेसिस बसतात, पण मी दोनच बसवतो. सप्लायला सी-१९ जातीचे मोठे सॉकेट लागतात. पीडीयूवर ते किती आहेत हे मोजून घ्या, कारण लहान सी-१३ची रांग कितीही लांब असली तरी इथे तिचा उपयोग नाही.

सगळ्यांत जास्त घात होतो तो इथेच. पीडीयूच्या डिस्प्लेवर ए फीडला २० अँपिअर दिसतात, बी फीडला २०, आणि ब्रेकर आहेत ३२चे. पाहणाऱ्याला वाटतं भरपूर जागा आहे. ए फीड गेला की बी वर ४० येतात, तोही ब्रेकर पडतो आणि अख्खं चेसिस काळोखात. म्हणून एका फीडवर एका फेजला १६च्या वर आकडा दिसला की नवीन ब्लेड टाकायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

हवेसाठी इनटेकला (हवा आत घेण्याच्या बाजूला) १८ ते २७ अंश ही मर्यादा पाळायची आणि रिकाम्या बेला (ब्लेडच्या खाचेला) ब्लँक, म्हणजे बंद करणारे तुकडे, लावायचे. एका साइटवर खोके फेकताना ब्लँकही कचऱ्यात गेले. दोन दिवसांनी पाहिलं तर चार बे उघडे होते, त्यांतून हवा सरळ मागे पळत होती आणि पंखे सतत चढ्या आवाजात फिरत होते. तेव्हापासून ब्लँकचा डबा मी स्वतः रॅकच्या तळाशी ठेवतो. पावसाळ्यात भिजलेलं खोकं हॉलमध्ये नेऊ नका. पॅकिंग बाहेरच्या स्टेजिंग रूममध्येच सोडा आणि सामान रात्रभर तिथे ठेवा.

उचलण्याआधी चेसिस रिकामं करायचं. ब्लेड, सप्लाय, पंखे, मागचे मॉड्यूल (नेटवर्क आणि स्टोरेजची जोडणी करणारे), सगळं बाहेर. प्रत्येक ब्लेडवर बे नंबरची पट्टी चिकटवा, आधी फोटो काढा. बे १ ते ८ वरच्या ओळीत डावीकडून, ९ ते १६ खालच्या ओळीत. हा क्रम शोभेचा नाही. व्हर्च्युअल कनेक्ट (एचपीचं मागचं नेटवर्क मॉड्यूल) वापरत असाल तर मॅक आणि डब्ल्यूडब्ल्यूएन (नेटवर्क आणि स्टोरेजवरचे ओळखक्रमांक) बेच्या प्रोफाइलला चिकटलेले असतात. ५चं ब्लेड ६ मध्ये गेलं की ते दुसऱ्याच सर्व्हरची ओळख घेऊन दुसऱ्याच लनवरून (स्टोरेजमधल्या डिस्कवरून) बूट व्हायला बघतं. पूर्ण उंचीचं ब्लेड बे १ मध्ये असेल तर खालचा ९ही त्याचाच.

मेझनिन कार्ड (ब्लेडच्या आत बसणारं जादा नेटवर्क किंवा स्टोरेज कार्ड) आणि मागचे मॉड्यूल यांची जोडी कागदावर जुळवून घ्या. बोर्डावरचं नेटवर्क मागच्या बे १-२ला जातं, मेझनिन एक ३-४ला, मेझनिन दोन ५ ते ८ला. फायबर चॅनलचं (स्टोरेजच्या जोडणीचं) कार्ड मेझनिन एकमध्ये आणि मॉड्यूल पाचमध्ये असेल तर लिंक मिळणार नाही. आयपी मोजूनच मागा. १६ आयएलओ (प्रत्येक ब्लेड दुरून हाताळायचे पोर्ट), चेसिस सांभाळणारे दोन ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, मागे आठपर्यंत मॉड्यूल, म्हणजे २६. ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला लटकणाऱ्या टॅगवर पासवर्ड छापलेला असतो. टॅग कापून फेकण्याआधी तो पासवर्ड व्हॉल्टमध्ये नोंदवा. फर्मवेअरचं म्हणाल तर चेसिस, ब्लेड आणि मॉड्यूल यांच्या आवृत्त्या एकमेकांना चालतात का ते मॅट्रिक्समध्ये (कंपनीच्या जुळणीच्या तक्त्यात) पाहा आणि फर्मवेअरच्या फाइल आधीच उतरवून ठेवा. गेटपास, चेंज तिकीट, रात्रीची परवानगी हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ब्लेड सरकवण्याआधी टॉर्च मारून आतला कनेक्टर पाहा. वाकलेली एक पिन दहा सेकंदांत दिसते, आणि न पाहता ब्लेड ढकललं तर मिडप्लेन (सगळी ब्लेड जिला आतून जोडली जातात ती पाटी) बदलायला सगळी सोळा ब्लेड उतरवावी लागतात. एक हात खाली, लिव्हर पूर्ण उघडा, ब्लेड सरळ आत, टेकल्यावरच लिव्हर मिटवा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा पाहा.

सगळं चालू झाल्यावर, अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना हाक मारण्याआधी, ए फीडचा ब्रेकर स्वतः पाडा. पंखे जोरात घोंघावतील. बी फीडचा आकडा वाचून वहीत लिहा, दहा मिनिटं थांबा, ए परत चढवा आणि मग बी पाडा. दोन्ही आकडे आणि तारीख लिहिलेली पट्टी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढचं ब्लेड घेऊन येणारा माणूस ती पहिली वाचेल.