दातांचा ब्रिज जास्त वर्षे टिकावा म्हणून काय करावे

ब्रिज म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांवर कॅप चढवून त्यांच्या आधाराने बसवलेला खोटा दात. ब्रिजला कीड लागत नाही. ज्या दातांवर तो बसवलेला असतो, त्यांना लागते. म्हणून ब्रिज किती टिकेल याचे उत्तर त्याच्या सिरॅमिकपेक्षा खालच्या दातांत आणि हिरडीत असते. साधारण 10 ते 15 वर्षे धरून चालावे; चांगला सांभाळलेला ब्रिज 20 वर्षांपुढेही जातो.

1. बसवण्यापूर्वी आधाराचे दात तपासून घ्या. एक्स-रेमध्ये मुळाभोवतीचे हाड पुरेसे आहे का, जुनी कीड राहिली आहे का, हे डॉक्टरांना विचाराच. रूट कॅनॉल झालेला दात आधाराला घेता येतो, पण त्यात खऱ्या दाताचा भाग कमी उरला असेल तर तो मोडण्याची भीती जास्त. एकाच बाजूने आधार दिलेला ब्रिज दोन्ही बाजूंनी धरलेल्या ब्रिजपेक्षा लवकर दगा देतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी तो उपचार पूर्ण करा, ब्रिज नंतर.

2. ब्रिजच्या खालून रोज सफाई करा. सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वरून आत जातच नाही. सुपर फ्लॉस घ्या. त्याचे एक टोक कडक असते, ते गालाच्या बाजूने खोट्या दाताखाली सरकवा आणि जिभेच्या बाजूने ओढून घ्या. मधला स्पंजासारखा भाग दाताखाली आला की हलक्या हाताने मागेपुढे फिरवा. मग तोच दोरा दोन्ही आधाराच्या दातांच्या कडेला टेकवून वरखाली घासा. कॅप जिथे संपते आणि खरा दात सुरू होतो, ती रेघ कीड लागायची नेमकी जागा. फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) जास्त सोपा पडतो. त्याचे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सुरुवातीला पाच मिनिटे लागतात आणि वैताग येतो, पण दहा-बारा दिवसांत हात बसतो. झोपण्यापूर्वी एकदा केले तरी चालेल, रोज मात्र हवे. ब्रश दोन वेळा, फ्लोराइडच्या पेस्टने.

3. नको तो भार टाळा. बर्फ चावणे, दाताने झाकण उघडणे बंद. सकाळी उठल्यावर जबडा दुखत असेल तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते. तसे असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचे आवरण) करून घ्या, नाहीतर सिरॅमिकचा टवका उडतो. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हिरड्या आणि हाड पोखरतात.

4. दर सहा महिन्यांनी दाखवा. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असे समजू नका. रूट कॅनॉल झालेल्या दातात नस नसते, त्यामुळे कीड खोल गेली तरी कळ येत नाही.

5. सैलपणाकडे दुर्लक्ष करू नका. चावताना ब्रिज किंचित हलतो, तोंडात घाण चव येते, कडेने लाळेचे बुडबुडे दिसतात, यातले काहीही झाले तर त्याच आठवड्यात जा. ब्रिज चिकटवणारे सिमेंट एका बाजूने सुटून दुसरी बाजू घट्ट असणे सर्वांत वाईट. ब्रिज जागेवर दिसतो आणि आत दात कुजत राहतो. पूर्ण निघून आला तर घरच्या गोंदाने चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा आणि सोबत न्या. खालचे दात शाबूत असले तर बऱ्याचदा तोच पुन्हा बसवता येतो.