तीस ग्रॅमचा फटका

माझ्या पहिल्याच ऑनलाइन लिलावात सोलापुरी चादर ८५० रुपयांना गेली. शिपिंग मी ६० रुपये टाकलं होतं, अंदाजपंचे. घेणारा निघाला गुवाहाटीचा. पोस्टात काट्यावर आकडा आला १ किलो ५३० ग्रॅम. काउंटरवरचे काका म्हणाले, "दोन किलोचा दर लागेल बघा." स्पीड पोस्टला पहिल्या ५०० ग्रॅमनंतर दर ५०० ग्रॅमला पैसे वाढतात, वर १८ टक्के जीएसटी. ते वरचे ३० ग्रॅम नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे! बोली लागल्यावर शिपिंग वाढवून मागायला तोंड नसतं, त्यामुळे फरक माझ्याच खिशातून गेला.

तेव्हापासून आधी माल बांधतो, मोजतो, मगच लिलावाला लावतो. तीच चादर घट्ट घडी करून, सुतळीनं आवळून जाड पॉलिथिनमध्ये घातली की १ किलो ४६० भरते. दीड किलोच्या आत.

कुरिअरचं गणित वेगळं. ते बहुतेक आकारमानही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची, ५००० नं भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन, यातलं जास्त असेल त्याचे पैसे. वॉल हँगिंगची गुंडाळी ९० बाय १२ बाय १२ ची झाली, तर ७०० ग्रॅमचा माल २.५९ किलोचा ठरतो. चादर दाबता येते, वॉल हँगिंगला घडी घातली की गिऱ्हाईक बोंबलणार. तिथं पैसे लावायचेच.

स्पीड पोस्टच्या अंतराचं म्हणाल तर पुणे, मुंबई, हैदराबाद आपल्याला सोलापूरहून २०१ ते ५०० किलोमीटरच्या एकाच टप्प्यात पडतात. भागानुसार दर लावायची सोय असेल तर लावा. नसेल तर लांबच्या गावाचा दर धरा आणि जवळच्याला फरक परत करा.

फ्री शिपिंग मी लिलावात देत नाही. भाव चढेलच याचा काय भरवसा? कधी पहिल्याच बोलीवर गाडी अडते. उलट, एक रुपयापासून बोली आणि ४०० शिपिंग, ही चलाखीही नको. घेणारे ओळखतात, शिवाय ईबेसारख्या ठिकाणी कमिशन शिपिंगसकट एकूण रकमेवर कापतात.

वजनकाटा आईचाच आहे, किराणा मोजायचा. डाळ मोजायची वेळ आली की ती आता माझ्या खोलीत येते आणि चादरी बाजूला सारते.