हंगामाची भाजी थेट मळ्यातून

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बाजारातली बरीचशी भाजी कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून येते. पावसात घाट बंद पडला की भाव कडाडतात. त्यापेक्षा गावातल्याच शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आधी देऊन दर आठवड्याला भाजीचा वाटा घ्यावा. बियाणं, मांडवाला लागणाऱ्या पैशांची त्याची सोय होते, आपल्याला सकाळी तोडलेली भाजी मिळते.

पैसे देण्याआधी एकदा मळ्यात जाऊन या. विहिरीला मार्च-एप्रिलमध्ये पाणी किती राहतं, हे आधी विचारा. पाणी नसेल तर भातकापणीनंतरच्या हंगामापुरताच करार करा. दुसरा प्रश्न वानरांचा. त्यांनी मांडव मोडला तर नुकसान कोणाचं? या पद्धतीत वाटेकऱ्यांनी तेही वाटून घ्यायचं असतं. मान्य नसेल तर बाजारच बरा. ठरलेलं वहीत लिहून दोघांनी सही करा, ओळखीत तर नक्कीच. पैसे दोन हप्त्यांत दिले तरी चालतं, विचारायला लाजू नका.

पावसाळ्यात पडवळ, शिराळी, भेंडी, काकडी यांचाच मारा होतो. थंडीत लाल माठ, मुळा, वांगी, वालाच्या शेंगा. फ्लॉवरची वाट पाहू नका. चौघांचं घर असलं तरी सुरुवातीला अर्धाच वाटा घ्या, नाहीतर पडवळं शेजारी वाटत बसाल. गणपतीत ऋषीच्या भाजीला अळू, माठ हवा असेल तर आधीच सांगून ठेवा. माठ घरी आणल्यावर न धुता ओलसर सुती फडक्यात गुंडाळा; दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत तो लगेच सडतो.