नाटक-कादंबरीतली माणसं वाचायची कशी

आशयसूत्र, म्हणजे पुस्तकाला मुळात काय म्हणायचं आहे ते, शेवटी लिहायचं. सोलापुरात बी.ए., एम.ए.च्या मुलांना मराठी शिकवताना पहिल्या तासाला मी एवढंच सांगते. गाइडात ते पहिल्याच ओळीत छापलेलं असतं, 'स्त्रीवरील अन्याय', 'एकत्र कुटुंबाचा ऱ्हास', आणि मग मुलं पुस्तकभर त्याचे पुरावे हुडकत बसतात. असे पुरावे कुठल्याही पुस्तकात सापडतात. म्हणून उलट्या बाजूनं निघा. आधी माणसं बघा, मग वस्तू, मग कोण काय बोलत नाही ते.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेऊ. नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी एका गावात येते, आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळते; त्यात आरोपी म्हणून उभ्या केल्या जातात मंडळीतल्याच शिक्षिका बेणारेबाई. पहिलं वाचन पेन्सिल न घेता करा, जमलं तर दोघं-तिघं मिळून मोठ्यानं. आमच्याकडे अशोक चौकाजवळच्या एका माळवदावर संध्याकाळी मुलं भूमिका वाटून वाचतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी. मोठ्यानं वाचलं की कोण कुणाला मध्येच तोडतं, कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं जात नाही, हे कानाला लगेच कळतं. डोळ्यांनी वाचताना ते निसटतं.

दुसऱ्या वाचनाला एकच व्यक्तिरेखा धरा आणि वहीचं पान उभं दुमडा. एका बाजूला ती स्वतःबद्दल काय म्हणते, दुसऱ्या बाजूला ती काय करते. या दोन बाजू जिथं जुळत नाहीत तिथं पान नंबर टाका. तुमचं उत्तर तिथूनच तयार होणार आहे.

बेणारेबाईंचं बघा. पहिल्या अंकात त्या सामंतला, म्हणजे त्या गावातल्या एका साध्या तरुणाला, आपल्या मंडळींची ओळख करून देतात. वकिली न चाललेले सुखात्मे, इंटर सायन्सला अडकलेले पोंक्षे, मूल नसलेलं काशीकर जोडपं. चेष्टा रंगते, आपणही हसतो. पण ही सगळी अपयशं वहीत उतरवून ठेवा. पुढं खोटा खटला सुरू झाला की याच माणसांना बेणारेबाईंवर बोलायची मोकळीक मिळते, आणि ज्याच्या वाट्याला बाहेर मान नाही तो या कोर्टात मानाची जागा मिळवतो. सुखात्म्यांना अखेर एक खटला चालवायला मिळाला आहे. ते दुष्ट आहेत असं लिहून थांबू नका. त्यांना हा खटला का हवा आहे, ते लिहा.

आता वस्तू. सुरुवातीलाच बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं. पुढं त्या निघून जायला उठतात तेव्हा दार बाहेरून बंद झालेलं असतं. सामंतनं पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट शेवटी पडलेल्या बेणारेबाईंजवळ येतो. 'पोपट हे प्रतीक आहे' असं लिहिलं की मी वही परत देते. कशाचं प्रतीक, कुणी ठेवला, त्या खोलीत दुसऱ्या कुणाला का सुचलं नाही? सामंत तर तिथला परका माणूस आहे. आणि त्यानंच साक्षीत कादंबरीतला मजकूर वाचून खटल्याला खतपाणी घातलं होतं. एका माणसात ही दोन्ही कृत्यं कशी बसतात, यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिता येतो.

गप्प असलेल्यांकडे या. बेणारेबाईंच्या पोटातल्या मुलाचे बाप प्रा. दामले रंगमंचावर एकदाही येत नाहीत, तरी सगळा खटला त्यांच्याभोवती फिरतो. त्यांना कुणी शिक्षा सुनावत नाही. बेणारेबाईंचं शेवटचं दीर्घ स्वगत सुरू असताना बाकीचे जागच्या जागी थिजतात. ते स्वगत कुणाला ऐकू गेलं का? संवादाइतकीच रंगसूचना वाचा, कंसातला मजकूर गाळू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आरोप काय होता? भ्रूणहत्या. निकाल काय? पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्यासाठी कोर्ट बसलं तोच गुन्हा कोर्ट शिक्षा म्हणून फर्मावतं. हे दोन संवाद शेजारी शेजारी लिहिले की आशयसूत्र आपोआप वाक्याच्या रूपात येतं: खेळ म्हणून केलेल्या क्रौर्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही, म्हणून ही सभ्य माणसं खेळात मन मोकळं करतात. यात क्रियापद आहे, कारण आहे. 'स्त्रीवरील अन्याय' यात दोन्ही नाही. तुमचं आशयसूत्र दोन शब्दांत मावत असेल तर ते अजून झालेलं नाही.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक याच रीतीनं वाचा. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर, घरातले दागिने, शिकायची राहिलेली प्रभा, सगळ्यांची कामं उपसणारा चंदू. कोण किती बोलतं यापेक्षा कोण राबतं त्याची यादी करा.

कादंबरीत मात्र एक गोष्ट जास्तीची: निवेदक. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सांगोल्याकडच्या मुलांना घरची वाटते, आणि घरचं वाटलं की मुलं चिकित्सा सोडून देतात. तिथं अडवावं लागतं. वाडी आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या तरुण मास्तरच्या डोळ्यांनी. त्याला काय कळतं, काय उशिरा कळतं, कुणाच्या मनातलं कधीच कळत नाही, ते वेगळं नोंदवा. नाटकात सुखात्म्यांसारखा माणूस समोर असतो. इथं खलनायक शोधू नका. वाडीची तालीम (व्यायामशाळा) बांधून होते, आणि मग पाऊस येत नाही. माणसं चांगली असूनही वाडी ओस पडते, हे सांगायला वेगळ्या वाक्याची गरज आहे.

उत्तर लिहिताना प्रत्येक विधानामागं प्रसंग हवा. 'खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर दांभिक आहेत' हे विधान. त्यानंतर लगेच ते कुठं काय करतात, कुणासमोर करतात. कथानक सांगण्यात पान घालवू नका, तपासणाऱ्यानं नाटक वाचलेलं असतं.

बाळू रोकडेवर सहसा कुणी लिहीत नाही. काशीकरांनी सांभाळलेला हा पोरगा बेणारेबाईंविरुद्ध साक्ष देतो, आणि मुलं त्याला 'भित्रा' म्हणून मोकळी होतात. साखर पेठेतली एक विद्यार्थिनी, तिची आई विड्या वळते, मला म्हणाली, "मॅडम, नाही म्हणाला असता तर जेवला कुठं असता?" तिला मी त्याच प्रश्नावर दोन पानं लिहायला लावली, आणि ती चांगली झाली. तुम्हीही पहिला सराव रोकडेवरच करा: त्याची सगळी वाक्यं वेगळी काढा, प्रत्येकाच्या आधी कोण बोललं ते लिहा, आणि काशीकर खोलीत आहेत की नाहीत ते शेजारी नोंदवा.